नियमात बसणारी तूट

सोलापूरच्या पूर्व भागातलं एक घर धरू. घर काल्पनिक आहे, पण तिथल्या माणसाला आकडे खोटे वाटणार नाहीत. नवरा यंत्रमागावर, हातात येतात १५,५०० रुपये. बायको घरी विड्या वळते. पान कमी मिळालं की काम कमी, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे वेगळे कापले जातात, तरी सरासरी ५,५०० धरू. एकूण २१,०००. आता खर्च. खोलीचं भाडं ३,५००, किराणा आणि धान्य ५,५००, दूध-भाजी २,४००, गॅस ९००, वीज ७००, दोन पोरांची शाळा आणि शिकवणी १,८००, पेट्रोल १,२००, दोन फोनचे रिचार्ज ६००, सासूच्या बीपी-शुगरच्या गोळ्या १,०००. बेरीज १७,६००. यात कपडे नाहीत, सण नाही, पाहुणा नाही, दवाखाना नाही. उरतात ३,४००. आणि हप्ते? एका गटाचा २,४००, दुसऱ्या गटाचा १,९००, गाडीचा २,७००. एकूण ७,०००. म्हणजे दर महिन्याला ३,६०० रुपये कमी.

आता हेच घर कर्ज देणाऱ्याच्या खुर्चीतून बघू. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये मायक्रोफायनान्सचे, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना बहुतेकदा बायकांच्या गटांमार्फत दिल्या जाणाऱ्या छोट्या कर्जांचे, नवे नियम आणले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण कर्ज द्यायचं, पण त्या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. आपल्या घराचं वर्षाचं उत्पन्न २,५२,०००, म्हणजे ते पात्र. महिन्याच्या उत्पन्नाचे निम्मे १०,५००. चालू हप्ते ७,०००. म्हणजे नियमाच्या हिशेबाने या घराला अजून ३,५०० रुपयांचा हप्ता झेपतो. दरमहा ३,६०० ची तूट असलेल्या घराला!

यात कुणी लबाडी केलेली नाही. फॉर्म खरा भरला, उत्पन्न खरं लिहिलं, नियम पाळला, आणि तरी घर बुडतंय. मला या लेखात जे म्हणायचं आहे ते एवढंच, की घरात खर्च जास्त आणि कमाई कमी झाली की आपण सगळे त्या घराचा हिशेब तपासायला धावतो, पण त्याला कर्ज देणाऱ्याने कुठला हिशेब मांडला होता, हे विचारत नाही. तो विचारण्याची सोय आपल्याकडे एकेकाळी होती. आपण ती मोडीत काढली.

निम्म्याच्या नियमामागचा हेतू वाईट नव्हता. त्याआधी तर घराचे एकूण हप्ते किती, हे बघण्याचीही सक्ती नव्हती. पण टक्केवारी सगळ्यांना सारखी लागू केली की ती सारखी राहत नाही. दोन लाख पगारवाल्याचे निम्मे हप्त्यात गेले तर मागे लाख राहतात. २१,००० वाल्याचे निम्मे गेले तर मागे साडेदहा हजार, आणि त्यात भाडं, चूल, शाळा, गोळ्या. हप्ता मोजायचा तर तो कमाईशी नाही, चूल पेटवून उरलेल्या पैशांशी मोजायला हवा. हे काही अर्थशास्त्रातलं गूढ नाही. गल्लीतला किराणावालाही उधारी वाढवताना एवढा अंदाज घेतो.

शिवाय आहे तो नियम तरी पाळला जातो का? ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने चार वित्त कंपन्यांना नवी कर्जं द्यायला मनाई केली होती. कारणांमध्ये अवाजवी व्याज होतंच, पण कुटुंबाचं उत्पन्न आणि आधीचे हप्ते नीट न तपासणं हेही होतं. त्याच वर्षी मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या स्वयंनियमन संस्थेने एका कर्जदाराला जास्तीत जास्त चार कंपन्यांनी कर्ज द्यावं अशी मर्यादा घातली, मग ती तीनवर आणली. चारचं तीन करावं लागलं, यातच एकेका घराच्या दारात किती जण उभे होते ते समजतं.

तूट भरून कशी निघते, हे ज्यांच्या घरात ती आहे त्यांना सांगायला नको. याची टोपी त्याच्या डोक्यावर. एका गटाचा हप्ता दुसऱ्या गटाच्या उचलीतून, तो भिशीतून, भिशी मंगळसूत्र गहाण ठेवून. गटाची मीटिंग कधी बघितली आहे का? सकाळची वेळ, कुणाची तरी ओसरी, दहा-बारा बायका, प्रत्येकीच्या हातात कार्ड आणि त्यात घडी घालून ठेवलेल्या नोटा. एकीचे चारशे कमी असले की वसुलीला आलेला कंपनीचा साहेब उठत नाही, आणि साहेब उठत नाही तोवर बाकीच्यांनी उठायचं नाही. कुणाला कारखान्यात विड्या जमा करायला जायचंय, कुणाचं पोर शाळेत सोडायचंय. पाच-दहा मिनिटं टोमण्यात जातात, मग कुणीतरी स्वतःच्या पिशवीतून चारशे काढून देतं. कंपनीच्या वहीत शंभर टक्के वसुली. ते चारशे मात्र आता शेजारणीचं कर्ज आहे, आणि त्याची नोंद कर्जांचा इतिहास ठेवणाऱ्या कुठल्याच सिबिलमध्ये होत नाही. वसुलीचे आकडे उत्तम आहेत म्हणून कर्ज झेपतंय, असं जेव्हा कुणी सांगतं तेव्हा मला ही ओसरी आठवते.

आता उधळपट्टीकडे येऊ, कारण कर्जबाजारीपणाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन मिनिटांत गाडी तिथे जाते. लग्नात ऐपतीबाहेर खर्च होतो, यावर मी पांघरूण घालणार नाही. बस्ता, मानपान, डीजे, आणि आता प्री-वेडिंगचं शूटिंग. हप्त्यावर घेतलेला चाळीस हजारांचा फोन हीसुद्धा खरी गोष्ट आहे. पण वरच्या हिशेबात परत बघा आणि सांगा, नेमकी कुठली रक्कम कापायची? शिकवणी? गोळ्या? सासूने एक दिवसाआड बीपीची गोळी घ्यावी? (अशी गोळी घेणाऱ्या बायका आहेत, आणि त्याचं बिल पुढे दवाखान्यात येतं.) काटकसरीचा उपदेश करणारे बहुतेक जण ज्या घरांना डोळ्यासमोर ठेवून बोलतात, तिथे कापायला जागा असते. जिथे तूट कायमची आहे तिथे ती जागा संपलेली असते.

मध्यमवर्गाचं दुखणं थोडं वेगळं आहे. पुण्यात दोघं नोकरी करतात, घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, पोराच्या शाळेची फी, आणि उरलेलं सगळं कार्डावर. तिथे कापायला जागा असते, पण ती दिसू नये अशी व्यवस्था आहे. ‘शून्य टक्के हप्ता’ असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच परिपत्रक काढून सांगितलं होतं. व्याज कुठेतरी लपवलेलं असतं, प्रक्रिया शुल्कात नाहीतर न मिळालेल्या सवलतीत. तरी दुकानांवरच्या पाट्या तशाच आहेत. देशातल्या घरांवरचं एकूण कर्ज आता जीडीपीच्या ४० टक्क्यांच्या वर गेलं आहे, आणि त्यातला निम्म्याहून मोठा वाटा घरबांधणीसाठी नाही तर वेगवेगळ्या उपभोगासाठी आहे, असं रिझर्व्ह बँकेचेच अहवाल सांगतात. बँकेलाही काळजी वाटली म्हणूनच नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने अशा विनातारण कर्जांवर बँकांनी बाजूला ठेवायचं भांडवल वाढवलं.

कर्जाची खरी किंमत लपवण्याची सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे ‘फ्लॅट’ व्याज. ५०,००० रुपये, दोन वर्षं, ‘फक्त १२ टक्के’. वर्षाचे ६,००० प्रमाणे १२,००० व्याज, एकूण ६२,०००, महिन्याला २,५८३ रुपये. ऐकायला सरळ. पण पहिल्या महिन्यापासून मुद्दल कमी होत जातं, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ५०,००० वर लागलेलं असतं. घटत्या मुद्दलावर हिशेब केला तर दर निघतो साडेएकवीस टक्क्यांच्या वर. त्यात प्रक्रिया शुल्क आणि विमा कापून हातात ४८,००० च आले तर आणखी वर. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत सगळे खर्च धरून वार्षिक दर सांगणारं पत्रक देणं बंधनकारक आहे. पत्रक मिळतं, पण सहीच्या वीस जागांमधली ती एक जागा असते.

क्रेडिट कार्डाचं तर विचारूच नका. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२. ‘किमान देय’ रक्कम भरून जो समाधानाने झोपतो, त्याच्या पुढच्या महिन्याच्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, ही गोष्ट अनेक शिकल्यासवरल्यांना माहीत नसते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा ठरवली होती. प्रकरण सोळा वर्षं सर्वोच्च न्यायालयात राहिलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो आदेश रद्द झाला. दुसरीकडे महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराने बिगरशेती विनातारण कर्जावर घ्यायचं व्याज सरकारने ठरवून दिलं ते १८ टक्के. त्याहून जास्त घेणारा गल्लीतला सावकार गुन्हेगार, आणि ४२ टक्के घेणाऱ्याचा लोगो क्रिकेट सामन्यात मैदानाच्या कडेला! राज्यांचे सावकारी कायदे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना लागू होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. बँकांना तर त्याआधीपासून कवच आहे. बँकिंग नियमन कायद्याचं कलम २१-अ सांगतं, की बँकेने लावलेलं व्याज जास्त आहे एवढ्या कारणाने कुठल्याही न्यायालयाने तो व्यवहार पुन्हा उघडू नये. हे कलम १९८४ पासून लागू आहे.

या कलमाशेजारी १८७९ चा एक कायदा ठेवून बघावा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ले केले आणि मग पुणे-अहमदनगर जिल्ह्यांत गावोगाव तेच झालं. अमेरिकेतल्या यादवीने आलेली कापसाची तेजी संपली होती, सारा वाढला होता, सावकारांनी हात आखडता घेतला होता. त्या दंग्यांत माणसांना इजा फार कमी झाली. लोकांना हवी होती ती खतं, कर्जरोख्यांचे कागद. ती हिसकावून जाळली गेली. इंग्रज सरकारने आयोग नेमला आणि चार वर्षांनी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. त्या कायद्याने न्यायाधीशाला सांगितलं, की रोख्यावर काय लिहिलंय तेवढं पाहून निकाल देऊ नका. व्यवहार सुरू झाला तिथपासूनचा सगळा हिशेब उकलून बघा, मुद्दल किती दिलं, व्याज किती चढवलं, व्याजाचं पुन्हा मुद्दल किती वेळा केलं. सावकाराने पावती द्यायची, मागितल्यास हिशेबाचा उतारा द्यायचा, वही ठेवायची. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही हा दामदुपटीचा दंडक तर त्याहूनही जुना.

परक्या सरकारने, दंगे पुन्हा होऊ नयेत या स्वार्थापोटी का होईना, कर्ज देणाऱ्याला वही उघडायला लावली. स्वतंत्र भारताच्या संसदेने बँकेची वही न्यायालयाला उघडता येऊ नये अशी तरतूद केली. माझा आक्षेप व्याज घेण्याला नाही. पैसा वापरायचा तर त्याचं भाडं द्यावंच लागेल. आक्षेप याला आहे, की कर्ज बुडलं तर सगळा दोष घेणाऱ्याचा, आणि झेपणार नाही हे दिसत असताना देणाऱ्याचा दोष शून्य.

यावरचं उत्तर मला माहीत आहे आणि ते हलकं नाही. कायदा कडक केला की कर्जच मिळेनासं होतं. १८७९ नंतर तेच झालं. सावकारांनी रोख्याऐवजी जमिनीची खोटी खरेदीखतं करून घ्यायला सुरुवात केली, पत आटली. २०१० मध्ये आंध्र प्रदेशने मायक्रोफायनान्सविरुद्ध अध्यादेश काढला, वसुली कोसळली, कंपन्यांनी पाठ फिरवली, आणि गरजू लोक पुन्हा खासगी सावकाराच्या दारात गेले. सरसकट कर्जमाफीने वसुलीची सवय मोडते हेही खरं. महाराष्ट्राने २०१७ आणि २०१९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कर्जमाफी दिली, आणि तरीही पुढच्या माफीची वाट बघणं थांबलेलं नाही. म्हणून मी माफी मागत नाहीये, व्याजावर एकच आकडा ठोकून बसवा असंही म्हणत नाहीये. ज्या घराला आणखी कर्ज झेपतच नाही त्याला ते मिळालं नाही, तर त्याचं नुकसान होत नाही. त्याला फक्त आज कळतं, जे एरवी दीड वर्षाने तीन हप्त्यांच्या ओझ्याखाली कळलं असतं.

आणि बुडालेल्याला बाहेर काढायचा रस्ता? कंपनी बुडाली तर दिवाळखोरी संहिता आहे. बँका दाव्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर समाधान मानतात, त्याला ‘हेअरकट’ म्हणतात, आणि कुणी त्या प्रवर्तकाच्या ओसरीवर ठिय्या देत नाही. २०१६ च्या त्याच संहितेत साध्या माणसासाठीही एक भाग आहे, ‘नव्या सुरुवाती’ची तरतूदही आहे. वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, कर्ज ३५,००० च्या आत, स्वतःचं घर नाही, अशा माणसाला कर्जातून सुटका. सोलापूरची ती विडी कामगार बाई एकटीच महिन्याला साडेपाच हजार कमावते, म्हणजे ती या मर्यादेच्या वर, श्रीमंत! पण तो मुद्दाही नंतरचा, कारण हा भाग आजवर फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता, डिसेंबर २०१९ पासून, लागू झाला आहे. बाकीच्यांना अजून मुंबईत १९०९ चा आणि राज्यात इतरत्र १९२० चा दिवाळखोरी कायदा. वसुलीवाल्याच्या फोनने हैराण झालेल्या माणसाला हे कायदे अस्तित्वात आहेत हेही कुणी सांगत नाही.

तोवर घराने काय करायचं? हिशेब लिहायचा, पण सुधारण्यासाठी म्हणून नाही, पुरावा म्हणून. आणि महिन्याचा नाही, वर्षाचा. जूनमधली शाळा, गणपती-दिवाळी, लग्नसराईतले आहेर, एक मोठं आजारपण, या सगळ्यांची बेरीज करून बाराने भागली की कळतं, महिन्याला जे ‘उरतं’ ते कधीच उरत नव्हतं. मग सगळी कर्जं एका कागदावर, नातेवाइकांची उसनवारी आणि किराण्याची उधारी धरून, प्रत्येकापुढे खरा वार्षिक दर. बहुतेक घरांत हा कागद नवरा-बायकोनेही एकत्र बसून पाहिलेला नसतो. एकाचं कर्ज दुसऱ्याला ठाऊक नसतं. भाडं, अन्न, औषध, शाळा हे आधी. मग सगळ्यात महाग कर्ज, मग बाकीचं. जो सगळ्यात जास्त ओरडतो त्याला आधी, हा नेहमीचा क्रम सगळ्यात तोट्याचा. नवं कर्ज घेऊन जुनं फेडायचं ते फक्त दर खरोखर खाली येत असेल तर. सोन्याबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. सोडवण्याची वाट दिसत नसेल तर दागिना वर्षानुवर्षं व्याज भरत गहाण ठेवण्यापेक्षा विकून मोकळं व्हावं. लिलावात जाणारच असेल तर आपल्या हाताने, भाव बघून गेलेला बरा.

आणि हा कागद घेऊन हप्ता चुकायच्या आधी कंपनीकडे जायचं, मुदत वाढवून हप्ता कमी करा असं लेखी मागायचं. उत्तर आलं नाही किंवा छळ सुरू झाला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला पैसे लागत नाहीत. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, आणि गटाचं जवळपास सगळं कर्ज स्त्रियांच्याच नावावर असतं. लोक अदालतीत बँका थकबाकीच्या नोटिसांचे गठ्ठे घेऊन येतात. तिथेच दुसऱ्या बाजूलाही टेबल मांडून कर्जदाराचा वर्षाचा हिशेब बघणारा माणूस बसवायला राज्य सरकारला कुठला नवा कायदा लागत नाही. जिल्ह्याजिल्ह्यात अग्रणी बँकांची आर्थिक साक्षरता केंद्रं आहेत. ती शिबिरं घेतात, बचतीचं महत्त्व सांगतात, फोटो काढतात. त्यांनी महिन्यातले चार दिवस विडी कारखान्याच्या, यंत्रमागाच्या दारात बसून फक्त फ्लॅट व्याजाचा खरा दर काढून दिला तरी काम होईल.

रिझर्व्ह बँकेला मात्र नियम बदलावा लागेल. कर्जाच्या फॉर्मवर उत्पन्नाचा रकाना आहे, चालू हप्त्यांचा आहे. भाडं, अन्न, औषध आणि शिक्षण यांचा एक रकाना हवा, आणि हप्त्याची मर्यादा ते वजा करून ठरावी. तो रकाना रिकामा ठेवून किंवा खोटा भरून कर्ज दिलं असेल, तर त्यावरचं व्याज आणि दंड वसूल करण्याचा हक्क देणाऱ्याने गमवावा, फक्त मुद्दल मागता यावं. सोलापूरच्या त्या घराला अशा फॉर्मवर दुसऱ्या गटाचं कर्ज मिळालं नसतं, आणि कदाचित गाडीचंही नाही.